नागपूरच्या उन्हात बॅट आणि शटल निवडताना

प्रतिनिधी, नागपूर

शाळांच्या परीक्षा आटोपल्या आणि उन्हाळी शिबिरांचे फलक चौकाचौकांत झळकू लागले, की सदरमधील क्रीडासाहित्याच्या दुकानांतील गर्दीचा चेहरामोहरा बदलतो. वर्षभर येथे येणारा ग्राहक हा खेळाडू असतो. आपल्याला काय हवे, हे तो घरूनच ठरवून येतो. एप्रिल-मे महिन्यांत मात्र येणारा ग्राहक म्हणजे एक मूल आणि त्याचे आई-वडील. मुलाची नजर बॅटवरील स्टिकरवर, वडिलांची किमतीच्या चिठ्ठीवर आणि आईची 'हे किती दिवस टिकणार?' या प्रश्नावर खिळलेली. या तिन्ही नजरांतून एक गोष्ट हमखास सुटते. ती म्हणजे हे साहित्य वापरले जाणार आहे नागपुरात, जेथे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. क्रीडासाहित्य बनविणाऱ्यांनी ते अशा हवेसाठी बनविलेले नसते.

सदरला लागूनच सिव्हिल लाइन्समध्ये विदर्भ क्रिकेट संघटनेचे जुने मैदान आहे. १९८७ च्या विश्वचषकात ३१ ऑक्टोबर रोजी याच मैदानावर चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली आणि सुनील गावसकर यांनी आपल्या कारकिर्दीतील एकमेव एकदिवसीय शतक झळकावले. आंतरराष्ट्रीय सामने २००८ पासून जामठ्याला गेले. सदरहून कोराडी मार्गाने थोडे पुढे गेले की मानकापूरचे विभागीय क्रीडा संकुल लागते. तेथे नोव्हेंबर २०१७ मध्ये राष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा झाली आणि सायना नेहवालने अंतिम फेरीत पी. व्ही. सिंधूला नमविले. त्याच हंगामात विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. पुढे २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्येही तो विदर्भाकडेच आला. या यशाचा परिणाम दुकानांच्या काउंटरवर दिसणारच. अकादमीत नाव घातले जाते, पाठोपाठ किटची यादी हातात येते आणि मध्यमवर्गीय कुटुंबाचे महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते.

वाढत्या अंगाची बॅट

आपल्याकडे मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' घेण्याची जुनी रीत आहे. गणवेशापुरती ती ठीक. बॅटच्या बाबतीत मात्र ती थेट मुलाच्या खेळावर उठते. दोन वर्षे पुरावी म्हणून एक माप मोठी बॅट घेतली, की ती पेलण्यासाठी मूल खालचा हात घट्ट आवळते. सरळ बॅटने खेळायचा चेंडू आडव्या बॅटने ओढला जातो. मग प्रशिक्षक ज्या दोषावर सहा महिने डोके फोडतो, तो दोष दुकानातून विकत आणलेला असतो.

लहान मुलांच्या बॅटला १ पासून ६ पर्यंत क्रमांक असतात. त्यानंतर हॅरो आणि त्यानंतर मोठ्यांची 'शॉर्ट हँडल'. वय विचारून माप देण्यापेक्षा उंची पाहून माप देणे केव्हाही चांगले. त्याहून सोपी परीक्षा काउंटरपाशीच करता येते. खेळण्याच्या पवित्र्यात जो हात मुठीच्या वरच्या भागावर असतो, त्या एकाच हाताने मुलाला बॅट समोर आडवी धरायला सांगावी. काही क्षणांत मनगट खाली झुकू लागले, तर ती बॅट जड आहे. मोठ्यांच्या बॅटचे वजन साधारण ११०० ते १२५० ग्रॅम असते. पण वजनाइतकाच महत्त्वाचा असतो तोल. दोन बॅटी काट्यावर सारख्याच भरल्या, तरी एकीचे वजन टोकाकडे आणि दुसरीचे मध्याकडे असेल तर हातात त्या निराळ्या वाटतात. हे छायाचित्र पाहून कळत नाही.

जाड कडांचे आकर्षण हा अलीकडचा आजार. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या फलंदाजांच्या बॅटी जाड दिसतात, म्हणून मुलालाही तशीच हवी असते. या जाडीला नियमाने मर्यादा घालण्यात आली आहे. १ ऑक्टोबर २०१७ पासून बॅटची कड ४० मिलिमीटरपेक्षा आणि एकूण जाडी ६७ मिलिमीटरपेक्षा अधिक असू शकत नाही. रुंदीची मर्यादा १०८ मिलिमीटरची. कड जाड ठेवून वजन कमी राखायचे, तर लाकूड अधिक कोरडे करावे लागते. असे लाकूड चेंडू जोरात परतवते, पण लवकर तडकते. ज्याला दर मोसमात चार बॅटी मिळतात, त्या व्यावसायिक खेळाडूला याची फिकीर नसते. एकाच बॅटीवर दोन वर्षे काढणाऱ्याने मात्र करायला हवी.

काश्मिरी की इंग्लिश?

दुकानात विचारला जाणारा हा बहुधा पहिला प्रश्न. दोन्ही लाकडे विलोचीच. इंग्लिश विलो इंग्लंडमधून येते. भारतात तिच्या बॅटी घडविल्या जातात त्या प्रामुख्याने मीरत आणि जालंधरला. ही दोन शहरे या धंद्यात आली ती फाळणीमुळे. क्रीडासाहित्याचे मोठे केंद्र असलेले सियालकोट पाकिस्तानात गेले, तेथील अनेक उद्योजक व कारागीर इकडे आले आणि त्यांनी नव्याने भट्टी पेटविली. काश्मिरी विलोचे कारखाने अनंतनाग जिल्ह्यात, श्रीनगर-जम्मू महामार्गावरील संगम, बिजबेहारा या परिसरात आहेत. काश्मिरी लाकूड सामान्यतः अधिक घट्ट आणि वजनदार असते. रंग किंचित तपकिरी. किंमत मात्र कितीतरी कमी. दोन-तीन हजारांत बरी काश्मिरी बॅट मिळते, तर इंग्लिश विलोची सुरुवातच त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीपासून होते आणि वरची मर्यादा कुठे थांबेल, याचा नेम नाही.

पहिल्या वर्षीच्या मुलाला इंग्लिश विलो घेऊन देणे म्हणजे पैशाची नासाडी, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे स्पष्ट मत आहे. उन्हाळी शिबिरात दाखल झालेली सगळीच मुले जुलैत मैदानावर दिसत नाहीत, हे कोणताही प्रशिक्षक सांगेल. पावसाळ्यानंतरही मूल सकाळी साडेपाचला स्वतःहून उठत असेल, तेव्हा इंग्लिश विलोचा विचार करावा.

इंग्लिश विलोच्या प्रतवारीविषयीही मोठा गैरसमज आहे. पहिली, दुसरी, तिसरी ही प्रतवारी मुख्यतः दिसण्यावरून ठरते. समोरील बाजूस सरळ, समान अंतरावरच्या रेषा आणि डाग नसलेले पांढरे लाकूड म्हणजे पहिली प्रत. कडेला तांबूस पट्टा किंवा एखादा ठिपका असला की प्रत उतरते, किंमतही उतरते. खेळण्यात ती बॅट उणी ठरेलच असे नाही. अधिक रेषांची बॅट लवकर 'खुलते', पण तिचे आयुष्य कमी असण्याची शक्यता असते. तेव्हा ज्याला घासाघीस करायची आहे, त्याने महागड्या बॅटवर ती करण्यापेक्षा डाग असलेली चांगल्या तोलाची बॅट शोधण्यात वेळ घालवावा. स्टिकरचे तर विचारूच नये. स्टिकरने लाकूड बदलत नाही.

नागपुरात बॅट घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक सीझन बॉलवर खेळतच नाहीत, हेही येथे नमूद करायला हवे. त्यांचे क्रिकेट म्हणजे टेनिस बॉलचे. रात्रीच्या दिव्यांत, आठ षटकांचे, चषक आणि रोख बक्षिसाचे. त्यासाठी हलकी, पाठीमागून कोरलेली काश्मिरी बॅट पुरते. अडचण येते ती रविवारी कोणी सीझन बॉल घेऊन मैदानात आला की. साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा कातडी चेंडू टेनिसच्या बॅटवर आदळला, की पहिल्याच षटकात तिचा कोपरा उडतो आणि सोमवारी दुकानदाराशी वाद होतो. तेरा वर्षांखालील मुलांसाठी नियमात १३३ ते १४४ ग्रॅमचा हलका चेंडू आहे. तो मागणारे पालक विरळा.

जवसाचे तेल आणि मे महिना

नवी इंग्लिश विलोची बॅट आणल्याबरोबर खेळायची नसते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. लाकडी हातोडीने किंवा मोज्यात घातलेल्या जुन्या चेंडूने ती काही तास ठोकावी लागते. कडा आणि टोक यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. सुरुवात हलक्या हाताने करायची आणि जोर हळूहळू वाढवायचा. ठोकल्याने वरचे तंतू दाबले जाऊन एकमेकांत घट्ट बसतात. हे काम दुकानदार यंत्रावर करून देतात, तरी त्यानंतर घरी तासभर हाताने ठोकणे हिताचे.

तेलाची गोष्ट त्याहून महत्त्वाची. बॅटला लावण्याचे लिनसीड ऑइल म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपले जवसाचे तेल. विदर्भात जवस पिकतो, त्याची चटणी घराघरांत होते; पण त्याच जवसाचे तेल बॅटीसाठी लहानशा बाटलीत चढ्या भावाने विकले जाते. विलोच्या लाकडात थोडा ओलावा असावा लागतो. नागपूरच्या मे महिन्यात दुपारची हवा कमालीची कोरडी होते आणि तो ओलावा उडून जातो. बॅट वजनाला हलकी लागू लागते आणि खेळाडूला आनंद होतो. वस्तुतः ती धोक्याची खूण आहे. कोरडी बॅट यॉर्करवर टोकापासून फाटते.

म्हणून उन्हाळ्यापूर्वी चमचाभर कच्चे तेल फडक्याने समोरील बाजूस, कडांना व टोकाला पुसावे आणि बॅट रात्रभर आडवी ठेवावी. मूठ आणि तिचा सांधा यांना तेल लावू नये. समोरील बाजूस पारदर्शक पट्टी चिकटविलेली असल्यास ती ओलावा बऱ्याच अंशी धरून ठेवते. मग केवळ उघड्या भागाला तेल पुरते. 'जास्त लावले तर जास्त चांगले' हा समज खोटा आहे. तेल प्यालेली बॅट जड होते आणि तिचा आवाज बद्द येतो. बॅट गच्चीवर, गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. पावसाळ्यात उलटी काळजी घ्यावी लागते. ओल्या मैदानावर टेकवून टेकवून टोक पाणी पिते आणि फुगते. टोकाला रबरी पट्टी बसवून घेण्याचा खर्च किरकोळ आहे.

शटलचा क्रमांक कोण पाहतो?

बॅडमिंटनकडे नागपूरचा ओढा जुनाच. त्यात २०२२ च्या जानेवारीत मालविका बनसोडने इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला हरविले, तेव्हापासून मुलींच्या पालकांचा उत्साह वाढला. दुकानात रॅकेट निवडताना तासभर घालविणारी मंडळी शटल मात्र 'एक डबा द्या' एवढ्यावर उरकतात. वास्तविक पैसा पाण्यासारखा जातो तो शटलवरच.

पिसांच्या शटलला १६ पिसे असतात आणि वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅमच्या दरम्यान. डब्याच्या झाकणावर किंवा तळाशी ७५, ७६, ७७, ७८ असा एक क्रमांक छापलेला असतो. काही कंपन्या त्याऐवजी १, २, ३, ४ असे आकडे देतात. हा वेगाचा क्रमांक होय. ७७ म्हणजे ७७ ग्रेन, सुमारे पाच ग्रॅम. आकडा मोठा तितके शटल जड आणि वेगवान.

येथे हवामान आडवे येते. हवा तापली की विरळ होते आणि विरळ हवेत शटलला अडथळा कमी होतो. १५ अंशांच्या हिवाळी पहाटेच्या तुलनेत ४५ अंशांच्या दुपारी हवा जवळपास दहा टक्क्यांनी विरळ असते. त्यात नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर. तेव्हा डिसेंबरात उत्तम चाललेले ७७ क्रमांकाचे शटल मे महिन्यात रेषेबाहेर जाऊ लागते. खेळाडूला वाटते हात बिघडला. हात बिघडलेला नसतो, डबा चुकलेला असतो. साधारण ठोकताळा असा, की २२ ते २८ अंशांत ७७, त्यावर ३३ अंशांपर्यंत ७६ आणि त्याहून अधिक उष्म्यात ७५. नायलॉनच्या शटलला बुडाशी रंगीत पट्टी असते. हिरवी म्हणजे मंद, निळी मध्यम आणि लाल वेगवान. दुकानात निळी पट्टी सर्रास मिळते. उन्हाळ्यात हिरवी मागून घ्यावी. नसेल तर मागवायला सांगावे. ग्राहक मागत नाही म्हणून दुकानदार ठेवत नाही आणि दुकानात नाही म्हणून ग्राहकाला ठाऊक नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

शटलचा वेग तपासण्याची रीत खेळाच्या नियमांतच दिली आहे. कोर्टाच्या मागच्या रेषेवर उभे राहून, बाजूच्या रेषेला समांतर, खालून वर पूर्ण ताकदीने शटल मारावे. समोरच्या मागील रेषेच्या आत ५३ ते ९९ सेंटीमीटरवर ते पडले, तर वेग योग्य. क्लबने मोसम बदलताना एकेक शटल असे तपासून मगच डझनावारी खरेदी केली, तर बरीच बचत होईल.

कोरडेपणाचा दुसरा फटका पिसांच्या ठिसूळपणातून बसतो. दोन-चार स्मॅशमध्ये पीस मोडते. यावर उपाय म्हणून खेळाडू डब्यातून वाफ फिरवितात. डब्याची दोन्ही टोके उघडून काही सेकंदच वाफ द्यायची, मग झाकणे लावून रात्रभर ठेवायचे. वाफ जास्त झाली तर शटल जड होते आणि बूच सैल पडण्याचा धोका असतो. पिसांच्या शटलचे भाव अलीकडच्या काळात सर्वत्र वाढले आहेत. त्याचे एक कारण चीनमध्ये आहे. पिसे येतात तेथील बदके व हंस यांच्यापासून. तेथील ग्राहक बदकाऐवजी डुकराच्या मांसाकडे वळल्याने पक्षिपालन घटले आणि पिसांचा पुरवठा आटला. बीजिंगच्या बाजारातील मांसाची निवड आणि सदरमधील शटलची किंमत यांचा असा संबंध आहे.

हौशी खेळाडूंनी नायलॉनला कमी लेखू नये. ते अनेक पटींनी टिकते. त्याचा खाली येण्याचा मार्ग पिसांच्या शटलपेक्षा निराळा असतो, एवढे खरे. स्पर्धा खेळणाऱ्या मुलांनी केवळ नायलॉनवर सराव केल्यास ड्रॉप आणि नेटजवळचा खेळ बिघडतो. कॉलनीतील संध्याकाळच्या खेळाला मात्र नायलॉन पुरेपूर.

रॅकेटविषयी थोडक्यात. तिच्यावर ३यू, ४यू, ५यू अशी खूण असते. आकडा वाढला की वजन कमी. ४यू म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम. मुठीच्या जाडीचेही असेच उलटे गणित असते, जी-५ ही जी-४ पेक्षा बारीक. नवशिक्याने कमी ताणाची तार घ्यावी. नामांकित खेळाडूंचा ताण मागून घेण्याने खांदा दुखण्यापलीकडे काही साध्य होत नाही.

हातात घेतल्याशिवाय

वस्तू हातात घेऊन पाहण्याची ही असोशी केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या डिस्क गोल्फ या खेळात चेंडूऐवजी प्लॅस्टिकची तबकडी साखळ्या लावलेल्या टोपलीत फेकतात. या तबकड्यांवर वेग, तरंगणे, वळणे आणि शेवटी कलणे असे चार आकडे छापलेले असतात. एवढी माहिती कागदावर असूनही तेथील खेळाडू दुकानात जाऊन तबकडीची कड बोटांनी चाचपतो आणि प्लॅस्टिक दाबून पाहतो. कारण एकाच साच्यातील दोन तबकड्या वजनात काही ग्रॅमने निराळ्या असतात आणि थंडीत प्लॅस्टिक कडक, उन्हात मऊ होते. हवामान आणि हात यांचा हा हिशेब नागपूरच्या खेळाडूला परका वाटू नये.

बुद्धिबळाला हवेचे भय नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून पटांकडेही पालकांचे लक्ष गेले आहे. त्यांच्यासाठी एवढेच, की प्रवासी चुंबकी पट स्पर्धेच्या सरावाला उपयोगाचा नाही. साडेनऊ सेंटीमीटर उंचीचा राजा आणि पाच ते सहा सेंटीमीटरची घरे असलेला गुंडाळता येणारा पट घ्यावा. तो बॅटीच्या मानाने अगदीच स्वस्त पडतो.

रेसिडेन्सी रोडवर आता डोक्यावरून उड्डाणपूल जातो आणि खाली गाडी लावण्यास जागा शोधावी लागते. घरबसल्या मागविलेली बॅट दारात येते, हा मोह समजण्याजोगा आहे. पण दुकानात येऊन चार बॅटी उचलून पाहायच्या, दुकानदाराकडून माप समजून घ्यायचे आणि बाहेर पडून शंभर-दोनशे रुपयांसाठी तीच मोबाइलवर मागवायची, हा प्रकार वाढला आहे, त्याचे काय? आठवडाभरात ती बॅट ठोकून घ्यायला, मूठ बदलायला किंवा रॅकेटचे गटिंग करायला मंडळी पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढतात. गटिंगचे यंत्र चालविणारा माणूस केवळ गटिंगवर पोट भरू शकत नाही. बॅट विकली गेली तर तो टिकतो. तो गेला तर सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तुटलेली तार कोण ओढून देणार, हा प्रश्न मोबाइलला विचारून उपयोग नाही.

ग्राहकानेही आपला हक्क सोडू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून क्रीडासाहित्यावरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला आहे. व्यायामशाळेतील उपकरणांना ही सवलत नाही. बॅट, रॅकेट, शटल यांना आहे. छापील किमतीवर सूट मिळाल्याच्या आनंदात पावती घ्यायचे राहून जाते. पावती मागावी. बॅट पहिल्याच आठवड्यात मुठीपाशी सैल झाली, तर बदलून मागण्यासाठी तोच एक कागद हाताशी असतो. आणि शक्य असल्यास खरेदी मार्चमध्येच उरकावी. एप्रिलच्या गर्दीत चार बॅटी उचलून पाहायला काउंटरपाशी उभे राहण्याचीही सोय नसते, आणि ठोकून-तेल लावून बॅट तयार व्हायला पंधरवडा लागतो, तोवर शिबिराचा निम्मा काळ संपलेला असतो.